भरतपूर : उसन्या पाण्यावरचे पक्षीवैभव

राजस्थानच्या पूर्व सीमेवरील भरतपूर शहराला लागून असलेले केवलादेव राष्ट्रीय उद्यान हे देशातील लहान राष्ट्रीय उद्यानांपैकी एक. क्षेत्रफळ अवघे २९ चौरस किलोमीटर. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तरीही येथे ३५० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. १९८१ मध्ये रामसर यादीत समावेश आणि १९८५ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा, असे दोन्ही मान या उद्यानाला लाभले. मात्र तेथे जाण्याचा बेत आखताना पक्षिप्रेमींना आधी एकच चौकशी करावी लागते : यंदा पाणी आले आहे का?

राजांचे शिकारक्षेत्र

येथील पाणथळ जागा बव्हंशी मानवनिर्मित आहे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध घालण्यात आला. त्यातील पाणी या सखल भागात सोडले जाऊ लागले. उद्यानातील केवलादेव या शिवमंदिरावरून त्याला नाव मिळाले, तर दाट झाडीमुळे ‘घना’ हे नाव लोकांच्या तोंडी रुळले. पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी बांध आणि पाट वाढवले. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या १९३८ मधील शिकारीत एकाच दिवशी ४,२७३ पक्षी मारले गेले. मंदिराजवळच्या शिलालेखावर हा आकडा आजही वाचता येतो. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’तर्फे डॉ. सलीम अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा अभ्यास केला.

संरक्षणाची किंमत

राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर १९८२ मध्ये गुरांच्या चराईवर बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या येथे म्हशी चारणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांच्या गोळीबारात त्यांपैकी काहींचा बळी गेला. पुढे याच सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निराळेच चित्र समोर आले. म्हशी गेल्यावर पाणगवत बेसुमार माजले होते आणि पक्ष्यांना लागणारे मोकळे पाणी आक्रसले होते. निसर्ग राखण्यासाठी माणसांना दूर सारणे पुरेसे नसते, हा या उद्यानाने दिलेला महागडा धडा.

दुसरे संकट पाण्याचे. गंभीर नदीवरील पांचना धरणाचे पाणी शेतकऱ्यांच्या विरोधामुळे २००४ मध्ये मिळाले नाही आणि पाणथळ कोरडी पडली. त्यानंतर गोवर्धन नाला आणि चंबळ नदी येथून पाणी आणण्याची व्यवस्था करावी लागली. शुभ्र सैबेरियन क्रौंच मात्र २००२ नंतर येथे परतलेच नाहीत. त्यांच्या दीर्घ प्रवासमार्गावरील शिकार आणि नष्ट होणारे अधिवास ही त्यामागची प्रमुख कारणे मानली जातात.

काय पाहाल?

पाऊस चांगला झाला, तर ऑगस्टपासून बाभळींवर चित्रबलाकांची वीण सुरू होते. पाणकावळे, बगळे आणि चमचे यांचीही घरटी शेजारीच असतात, आणि पिलांच्या कलकलाटाने परिसर गजबजतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पट्टकादंब, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे उत्तरेकडील पाहुणे उतरतात. सारस क्रौंचाची जोडी दिसली, तर घटकाभर थांबावे. चितळ, सांबर, नीलगाय आणि कोल्हेही येथे आहेत. थंडीत उन्हाला आलेले अजगर हे आणखी एक आकर्षण.

उद्यान पायी, सायकलने किंवा सायकलरिक्षाने पाहता येते. अनेक रिक्षाचालकांना पक्षिनिरीक्षणाचे प्रशिक्षण मिळाले आहे. झुडपात दडलेले घुबड ते सहज दाखवतात. त्यांचा रोजगार पर्यटकांवर आणि पर्यटक पक्ष्यांवर अवलंबून असल्याने पाण्याची काळजी त्यांनाही तेवढीच असते.

कसे जाल?

भरतपूर हे मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. आग्रा येथून ५५, तर दिल्लीहून सुमारे १८० किलोमीटरवर हे शहर आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुके पडते, तेव्हा दोन दिवसांचा मुक्काम ठेवावा. दुर्बीण आणि गरम कपडे सोबत असावेत, भडक रंगाचे कपडे टाळावेत. निघण्यापूर्वी पावसाची आणि पाण्याची चौकशी जरूर करावी. कोरड्या वर्षीही हरणे आणि रानातले पक्षी भेटतात. पाणपक्ष्यांचे संमेलन मात्र बांधाचे दरवाजे उघडल्यावरच भरते.