चित्रणातील दृश्यदोष व त्यांची दुरुस्ती

समोरच्या दृश्यात नसलेली, पण कॅमेरा, प्रकाश, फीत किंवा फाइलचे आकुंचन यांमुळे चित्रात उमटणारी खूण म्हणजे दृश्यदोष. बोलण्यात ‘पट्टे येतात’, ‘मुंग्या येतात’, ‘चित्र फुटतं’ असे म्हणतात. हे तिन्ही आजार वेगळे आहेत आणि औषधही वेगळे, म्हणून आधी मूळ फाइल संगणकावर एकेक फ्रेम सरकवून पाहावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीवरून निदान करू नये, कारण त्या प्रतीत आकुंचनाचे दोषही मिसळलेले असतात.

सिन्नर (जि. नाशिक) येथील यादवकालीन गोंदेश्वर मंदिर अशा दोषांची परीक्षाच घेते. भूमिज शैलीच्या या पंचायतन मंदिराच्या शिखरावर छोट्या शिखरांच्या प्रतिकृती रांगेने एकावर एक रचलेल्या आहेत. दुरून कॅमेरा हळूच फिरवला की त्या रांगा सळसळू लागतात, कधी दगडावर रंगीत नागमोडी वलये उठतात. याला मॉयरे म्हणतात. सेन्सरच्या पिक्सेलांपेक्षा बारीक नक्षी त्याला नीट टिपता येत नाही, तेव्हा तो भलताच आकृतिबंध नोंदवतो. बारीक चौकडीच्या सदऱ्यावरही हेच घडते. जागेवरचा उपाय सोपा आहे : दोन पावले पुढे-मागे व्हावे, झूम बदलावा किंवा फोकस किंचित सैल करावा. नंतर करायचे तर शिखराचा भाग मास्कने वेगळा करून त्यातील रंग तेवढे पुसट करावेत, उजेड-सावलीला हात लावू नये. शार्पनेस वाढवण्याचा मोह आवरावा. त्याने वलये आणखी ठळक होतात.

लग्नाच्या मंडपातले पट्टे विजेमुळे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेमने चित्रण करतो आणि शटर १/६० वर असेल तर प्रकाशाचे पूर्ण हेलकावे एका फ्रेममध्ये मावत नाहीत. सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने मग आडवे पट्टे सरकताना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की ते जातात. (एलईडी भिंतीची लुकलुक निराळ्या वेगाची असते; तिथे शटर थोडेथोडे हलवून पाहण्याला पर्याय नाही.) चित्रण होऊन गेले असेल तर एक युक्ती आहे : ३० फ्रेमच्या चित्रणात पट्ट्यांची जागा साधारण दर तीन फ्रेमनंतर पुन्हा तीच येते, म्हणून लगतच्या तीन फ्रेमची सरासरी काढल्यास पट्टे विरतात. मंडप स्वच्छ होतो, पण अक्षता टाकणारे हात भुतासारखे तिहेरी दिसतात. त्यामुळे ही सरासरी स्थिर भागापुरतीच वापरावी. लुकलुक नवी नाही. नाशिकला स्टुडिओ थाटणाऱ्या दादासाहेब फाळके यांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. हात मंदावला की फ्रेमला जास्त प्रकाश मिळे आणि चित्र क्षणभर उजळे.

व्हीएचएस कॅसेटवरील जुन्या लग्नांचे प्रकरण निराळे. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. तळाशी थरथरणाऱ्या काही ओळी हा वाचन एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाण्याचा नेहमीचा परिणाम असतो, तो झाकला की काम झाले. क्षणिक पांढऱ्या रेघा फितीवरचा चुंबकीय थर झडल्याने येतात. चित्राचा वरचा भाग वाकडा होत असेल तर टाइम बेस करेक्टर हे यंत्र लागते आणि ते फीत वाजत असतानाच जोडावे लागते. एकदा फाइल झाली की सॉफ्टवेअरने वाकडेपणा पुरता निघत नाही. कडांना कंगव्याचे दाते दिसले तर इंटरलेसिंग काढावे. पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रे असतात, म्हणून त्यांच्या २५ ऐवजी ५० फ्रेम कराव्यात, नाहीतर हालचालीतला लवचिकपणा हरवतो. अर्धचित्रांचा क्रम उलटा लागला की घोड्यावरचा नवरदेव पुढे-मागे हिसके देत चालतो. सेटिंगमधला क्रम बदलताच वरात सरळ होते.

चौकोनी ठोकळे हा अतिआकुंचनाचा दोष असून तो काळ्या दगडाच्या सावल्यांत हटकून दिसतो. ठोकळे मऊ करणारी गाळणी मिळते, पण तिने तपशीलही जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने गेलेला तपशील परत आणत नाहीत, नवा रचतात. झिजलेल्या मूर्तीला ती भलताच चेहरा देतात. लग्नाच्या चित्रणात हे खपते. स्मारकाच्या नोंदीसाठी ते अजिबात वापरू नये.

हळदीला किंवा मिरवणुकीत डीजेचा लेझर थेट भिंगात शिरला तर सेन्सरवर ठिपके किंवा रंगीत उभी रेघ कायमची राहू शकते. त्या दिवशीच्या चित्रणातली रेघ शेजारचे पिक्सेल भरून बुजवता येते. जळालेला सेन्सर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.