एका मास्तराचा लढा आणि त्याची माती: ग्रेनेडाचे एरिक गेरी

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. तेव्हापासून काळ्या माणसांचा लढा आपण आपला मानतो. पण त्या लढ्यातले विजय आपण जितक्या अभिमानाने सांगतो, तितक्या प्रामाणिकपणे त्यातले पराभव सांगतो का? म्हणून आज आम्ही कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा या छोट्या बेटावरील एरिक गेरी यांच्याबद्दल लिहीत आहोत.

ब्रिटिश वसाहतींत १८३४ साली कायद्याने गुलामगिरी संपली. नुकसानभरपाई मात्र गुलामांना नाही, त्यांच्या मालकांना मिळाली! जमीनही मळेवाल्यांकडेच राहिली. शंभर वर्षांनंतरही ग्रेनेडातला काळा मजूर कोको आणि जायफळाच्या मळ्यांत तुटपुंज्या मजुरीवर राबत होता. स्त्रीला तर पुरुषाहूनही कमी मजुरी. मताचा अधिकार फक्त मिळकत-उत्पन्नवाल्यांना.

१९२२ साली जन्मलेले गेरी आधी प्राथमिक शाळेत मास्तर होते. पुढे पोटासाठी त्रिनिदादच्या अमेरिकी तळावर आणि नंतर अरुबाच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात गेले. १९४९च्या अखेरीस ते परतले. मळ्यांवरून हुसकावलेल्या कुळांची बाजू त्यांनी घेतली आणि १९५० साली मजुरांची युनियन उभी केली. लिहितावाचता येणारा माणूस आपल्या बाजूने मालकासमोर उभा राहतो, हे मजूर पाहत होते.

फेब्रुवारी १९५१मध्ये सार्वत्रिक संप झाला. मळ्यांच्या इमारती पेटल्या. आभाळ लाल झाले म्हणून हे दिवस तिथे ‘स्काय रेड’ नावाने ओळखले जातात. सरकारने युद्धनौका बोलावली आणि गेरींना अटक करून शेजारच्या कॅरियाकू बेटावर ठेवले. पण लोक शांत होईनात. शेवटी त्यांना सोडून त्यांच्याकडूनच शांततेचे आवाहन करून घ्यावे लागले. मजुरी वाढली. त्याच ऑक्टोबरात प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक झाली आणि गेरींच्या पक्षाने आठपैकी सहा जागा जिंकल्या. योगायोग पाहा, त्याच महिन्यात आपल्याकडेही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान सुरू झाले.

मग बिघडले कुठे?

सत्ता माणसाला बिघडवते, एवढे म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. युनियनही गेरींची, पक्षही गेरींचा. दुसरी फळी उभीच राहिली नाही. मजूर त्यांना प्रेमाने ‘अंकल’ म्हणत. शहरातला शिकलेला वर्ग त्यांची टिंगल करी, म्हणून मजूर त्यांना आणखी घट्ट धरून बसले. शत्रूची टीका आणि आपल्या माणसाने विचारलेला प्रश्न यांतला फरकच पुसला गेला. १९६२ साली सरकारी पैशाच्या उधळपट्टीचा ठपका ठेवून ब्रिटिशांनी राज्यघटना स्थगित केली. वसाहतवाल्यांना गेरी नकोच होते, हे खरे. पण त्यांच्या हाती कोलीत दिले कोणी?

१९६७ साली गेरी पुन्हा सत्तेवर आले. आता विरोधकांना झोडपायला ‘मुंगूस टोळी’ होती. २१ जानेवारी १९७४ रोजी आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीने रूपर्ट बिशप मारले गेले. अवघ्या अडीच आठवड्यांनी, ७ फेब्रुवारीला, देश स्वतंत्र झाला आणि गेरी पहिले पंतप्रधान झाले. १३ मार्च १९७९ रोजी ते परदेशात असताना रूपर्ट यांचे पुत्र मॉरिस बिशप यांच्या पक्षाने त्यांची सत्ता उलथवली. मळेवाल्यांना हरवणाऱ्या मास्तराला शेवटी आपल्याच लोकांच्या मुलांनी घालवले.

राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. त्याच सुमारास गेरी मायदेशी परतत होते. ग्रेनेडाच्या मजुरांना हा इशारा ठाऊक नव्हता. आपल्याला तो पाठ आहे. मग आपल्या संघटनेत शेवटची अंतर्गत निवडणूक कधी झाली? वर्गणीचा हिशेब कोणासमोर मांडला जातो? प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला आपण कार्यकर्ता म्हणतो की गद्दार? गेरींना दोष देण्याआधी ही उत्तरे आपण एकमेकांना देऊ या.

जय भीम!