दप्तराचे ओझे

छत्तीस वर्षे मास्तरकी केली म्हणून असेल, पण कोणाच्या पाठीवर काही दिसले की मला आधी वजनाची शंका येते. मुलाचे दप्तर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असा आपल्याकडे नियम आहे. प्राण्या-पक्ष्यांवर माग काढायचे यंत्र बसवताना संशोधक याहून कडक. साधारण ३ ते ५ टक्के, बस्स!

१९७० साली अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये एका एल्क हरणीच्या गळ्यात पट्टा बांधून निंबस-३ उपग्रहाने तिचा माग काढला. पट्टा दहा किलोंचा! हरीण थोराड, म्हणून पेलले. १९७८ साली आर्गोस ही उपग्रहयंत्रणा आली, तरी चिमुकले जीव बरीच वर्षे वर्गाबाहेरच राहिले.

चमच्यासारख्या चोचीचा स्पून-बिल्ड सँडपायपर त्यातलाच. वजन जेमतेम ३० ग्रॅम, म्हणजे दप्तर फार तर दीड ग्रॅमचे. जगात हे पक्षी हजाराच्या आतच उरलेत. उन्हाळ्यात रशियाच्या ईशान्य टोकाला अंडी घालतात, हिवाळ्यात म्यानमार-बांगलादेशकडे येतात. वाटेत ते ज्या चिखलाच्या किनाऱ्यांवर उतरतात, तिथे भराव पडत होते. २०१६ साली चीनच्या जियांग्सू किनाऱ्यावर त्यांच्या पाठीवर दोन ग्रॅमहून हलकी, उन्हावर चालणारी यंत्रे बसली आणि त्यांचे मुक्काम कळू लागले. २०१९ साली त्याच किनाऱ्याचा काही भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

मंडळी, यंत्र फक्त हजेरी घेते. गैरहजर का, हे विचारायला माणूसच लागतो.