सेंटरिंगशिवाय छत : हसन फतही आणि आस्वानचे गवंडी

थ्रेड 🧵

१/ वर्ष १९४१. महायुद्धामुळे इजिप्तमध्ये लाकूड आणि पोलाद दुर्मिळ झाले होते. वास्तुविशारद हसन फतही यांनी कच्च्या मातीच्या विटांनी भिंती उभारल्या. अडले ते छतापाशी. कमानदार छतासाठी आधी खाली लाकडी सेंटरिंग हवे. ते टाळून घातलेली छते कोसळली.

२/ उत्तर मिळाले दक्षिणेकडे, आस्वानजवळच्या नुबियन खेड्यांत. तेथील साध्या शेतकऱ्यांच्या घरांवरही मातीची कमानदार छते होती आणि ती सेंटरिंगशिवाय बांधणारे गवंडी अजून काम करीत होते.

३/ त्यांची रीत अशी : खोलीची एक भिंत उंच न्यायची. तिच्यावर चिखलाने, केवळ नजरेच्या अंदाजाने, कमानीची रेषा काढायची. विटांचा पहिला थर त्या भिंतीला तिरका रेलायचा, पुढचा थर त्या थराला. विटेत काड जास्त, म्हणून ती हलकी. अंगावर बोटांनी ओढलेल्या खाचा, म्हणून गारा घट्ट धरतो. प्रत्येक थर मागच्या थरावर विसावतो.

४/ ही विद्या किती जुनी? लक्सरजवळ दुसऱ्या रामसेसच्या रामेसिअम मंदिराची धान्यकोठारे आहेत. त्यांची कच्च्या विटांची कमानदार छते सुमारे ३,२०० वर्षांनंतरही अंशतः उभी आहेत.

५/ त्याच परिसरातील गुर्ना गाव प्राचीन थडग्यांवर वसले होते. थडग्यांतील वस्तूंची चोरटी विक्री थांबवण्यासाठी पुरातत्त्व खात्याने गाव हलवायचे ठरवले. १९४५ मध्ये नव्या गुर्नाचे काम फतहींकडे आले.

६/ फतहींनी आस्वानचे गवंडी आणले; स्थानिक तरुण त्यांच्या हाताखाली शिकले. जाड भिंती, अंगणे, मशीद, बाजार, नाट्यगृह असे गाव त्याच भूमीच्या मातीतून आकार घेऊ लागले.

७/ गुर्नाकर मात्र हलायला तयार नव्हते. अनेकांची उपजीविका त्या थडग्यांशी बांधलेली होती. शिवाय त्या भागात घुमट म्हटला की संतांच्या कबरी आठवत, याकडे पुढे टीकाकारांनी लक्ष वेधले. १९४८ च्या सुमारास काम अपुरेच थांबले.

८/ छत कसे उभे राहते, हे फतहींनी गवंड्यांकडून नम्रपणे शिकून घेतले. गावाने कोठे राहावे, हे मात्र गावाला न विचारताच ठरले होते. माती तिथलीच होती; निर्णय तिथला नव्हता.

९/ या अनुभवाची कहाणी फतहींनी १९६९ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. नुबियन गवंड्यांची ती रीत आज भारतातही, ऑरोव्हिलच्या मातीबांधकाम संस्थेत, विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष विटा हाती देऊन शिकवली जाते.