दुकान आणि संकेतस्थळ : अमेरिकेतील दोन ग्रंथविक्रेत्या कंपन्यांचा इतिहास (१९९५ ते २०११)

प्रस्तावना :
एखाद्या कंपनीने इंटरनेटवरील व्यापारात किती प्रमाणात उतरावे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञानाचा नाही. संकेतस्थळावर फक्त माहिती देणे, ग्राहकांची मागणी स्वीकारणे, त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढणे किंवा ते काम दुसऱ्याकडे सोपविणे, असे अनेक पर्याय तिच्यापुढे असतात. ही निवड कशाच्या आधारे होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात बार्न्स अँड नोबल व बॉर्डर्स या कंपन्यांच्या संदर्भात केला आहे.

स्वतंत्र कंपनीचा मार्ग :
जुलै १९९५ मध्ये ॲमेझॉनने इंटरनेटवरून पुस्तकविक्री सुरू केली. बार्न्स अँड नोबलने १९९७ मध्ये आपले विक्री-संकेतस्थळ उघडले. १९९८ मध्ये जर्मनीच्या बर्टल्समान कंपनीने २० कोटी डॉलर देऊन या व्यवसायात निम्मा वाटा घेतला आणि १९९९ मध्ये त्याचे शेअर बाजारात आले. स्वतंत्र कंपनीमुळे तेजीच्या काळात भांडवल उभारणे सुलभ झाले.

अशा विभागणीस करविषयक कारणही होते. १९९२ च्या 'क्विल' खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार, ज्या राज्यात विक्रेत्याचे प्रत्यक्ष अस्तित्व नाही तेथे विक्रीकर वसूल करण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. दुकाने एका कंपनीची व संकेतस्थळ दुसरीचे असल्यास या सवलतीवर दावा करता येत असे. मात्र त्यासाठी दुकान व संकेतस्थळ यांत अंतर राखणे भाग होते. बॉर्डर्सच्या ऑनलाइन कंपनीकडून घेतलेली पुस्तके बॉर्डर्सच्या दुकानांत परत घेतली जात. एवढ्यावरून २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने दुकानांना त्या कंपनीचे प्रतिनिधी मानले व कराचे दायित्व कायम केले. अर्थात, ग्राहकाच्या सोयीची गोष्टच कंपनीला कायद्याच्या दृष्टीने महाग पडली.

काम सोपविण्याचा मार्ग :
२००१ मध्ये बॉर्डर्सने आपली ऑनलाइन विक्री ॲमेझॉनकडे सोपविली. साठा, पाठवणी व ग्राहकसेवा ॲमेझॉनने सांभाळावी आणि बॉर्डर्सला वाटा मिळावा, अशी ही व्यवस्था होती. तोट्यातील काम अंगावरून उतरले. परंतु ऑनलाइन व्यवहाराचा अनुभवही प्रतिस्पर्ध्याकडे गेला. याउलट बार्न्स अँड नोबलने २००३ मध्ये बर्टल्समानचा वाटा विकत घेतला व २००४ मध्ये संपूर्ण ऑनलाइन व्यवसाय मूळ कंपनीत आणला. बॉर्डर्सने स्वतःचे संकेतस्थळ पुन्हा सुरू केले ते २००८ मध्ये. फेब्रुवारी २०११ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी तिची दुकाने बंद झाली. कर्जाचा बोजा, दुकानांची भाडी व सीडींच्या विक्रीतील घट हीदेखील या ऱ्हासाची कारणे होत. त्यामुळे २००१ च्या करारालाच सर्व दोष देणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही.

निष्कर्ष :
दोन्ही कंपन्यांचे निर्णय त्या त्या वेळच्या हिशेबाने तर्कसंगत होते. भांडवल, कर व तत्कालीन तोटा यांचे आकडे हाती असतात. अनुभव व ग्राहकांशी असलेले नाते यांचे मूल्य मात्र ताळेबंदात दिसत नाही. २०११ मध्ये बॉर्डर्सची बोधचिन्हे व ग्राहकयादी बार्न्स अँड नोबलने १ कोटी ३९ लाख डॉलरना विकत घेतली. त्या नात्याची किंमत प्रथमच आकड्यांत मांडली गेली, तेव्हा बॉर्डर्स उरली नव्हती. पुढे २०१८ मध्ये 'वेफेअर' खटल्यात 'क्विल'चा नियमही रद्द झाला. म्हणून कंपन्यांच्या अशा निर्णयांचे परीक्षण करताना तत्कालीन कायद्याचा अभ्यास अपरिहार्य ठरतो.