डोमकळी ओळखण्याचे मार्क किती?

शासकीय रेखाकला परीक्षेत श्रेणी मिळाली की दहावीत वाढीव गुण मिळतात. खेळाडूंना मिळतात, लोककला जपणाऱ्या मुलांनाही मिळतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवरची मिटलेली डोमकळी बघून "आत गुलाबी अळी आहे" असं सांगणारी मुलं गावोगाव सापडतील. त्या ज्ञानाला मात्र गुणपत्रिकेत रकाना नाही.

या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आमच्या शेजारीच घडलाय. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा. तिथे 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष होते गांधीजी. त्यांचं गणित सोपं होतं: मुलाला मातृभाषेतून मॅट्रिकच्या तोडीचं शिक्षण द्या, त्यातून इंग्रजी वजा करा आणि एक उद्योग मिळवा. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने यावर सात वर्षांचा अभ्यासक्रम बेतला. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा, त्यातले 3 तास 20 मिनिटं हस्तोद्योगाला.

हीच नई तालीम. टकळीवर सूत काढायचं, ते मोजताना गणित शिकायचं, कापूस कुठे पिकतो यातून भूगोल आणि गिरण्या आल्यावर विणकराचं काय झालं यातून इतिहास. या जोडणीला 'समवाय' म्हणत. हाताचं काम इथे वाढीव गुणांपुरतं नव्हतं, बाकीचे विषय त्याच्याभोवती फिरत होते.

आक्षेपही लगेच आले. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून निघावा, ही कल्पना अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांना पटली नाही. समितीनेही अहवालात इशारा दिला: कमाईवर भर दिला तर शिक्षण बाजूला पडेल.

पुढे योजना मागे पडली. नोकऱ्या आणि कॉलेजं जुन्याच परीक्षांना ओळखत होती. मग कोणते आईबाप मुलाला टकळीच्या शाळेत घालतील? 1964-66च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सुचवला. माझ्या वाट्याला तो आला तेव्हा त्याचा अर्थ कागदी फुलं एवढाच उरला होता, तोही कापसाच्या जिल्ह्यात!

आता 2023चा राष्ट्रीय क्रेडिट आराखडा म्हणतो की 30 तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट, वर्षाला 40. शाळेबाहेरचं कौशल्य आणि अनुभवही यात मोजता येईल. अट एकच, मूल्यमापन झालं पाहिजे.

ही अट मला फार महत्त्वाची वाटते. वेचणीच्या दिवसांत वर्गातले बाक रिकामे पडतात. उद्या कुणी वेचणीच्या तासांनाच क्रेडिट दिलं, तर मुलाची मजुरी शाळेच्या शिक्क्याने पक्की होईल. 1937चा इशारा हाच होता.

म्हणून किती किलो कापूस वेचला हे विचारूच नये. विचारावं ते असं: डोमकळी कशी ओळखलीस? सकाळच्या दवात वेचलेल्या ओल्या कापसाला भाव कमी का मिळतो? पुढच्या हंगामात अळी येऊ नये म्हणून पऱ्हाटीचं काय करशील? नीट उत्तर देणाऱ्या मुलाला मार्क द्यावेत. त्याच्याकडे जीवशास्त्र आहे, अर्थशास्त्रही आहे. आपण फक्त त्याची परीक्षा कधी घेतली नाही.