‘लूट’ आपली, ‘प्राइझ’ त्यांचे

इंग्रजीतले ‘लूट’ हे क्रियापद आपल्याकडून गेलेले आहे. मूळ संस्कृत ‘लुण्ठ्’, त्यातून हिंदी-उर्दूचे ‘लूटना’ आणि मराठीचे ‘लुटणे’. उर्दू शिकणाऱ्यांना तो कधी कधी फारसी वाटतो. तसे नाही. लुटीच्या मालाला अरबी शब्द आहे ‘ग़नीमत’. ‘ग़नीम’ त्याच घराण्यातला. मोगल मराठ्यांना ग़नीम म्हणत, आणि मराठ्यांनी त्याच नावावर ‘गनिमी कावा’ मिरवला!

इंग्रजीत गेलेल्या अशा शब्दांचा मोठा कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली काढला. त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन, या हुसैन’ या पुकाऱ्याचे गोऱ्या शिपायांनी केलेले हे रूप. हा कोश सांगतो की ‘लूट’ १७८८ च्या एका शब्दसंग्रहात आहे; पुढे १८४१ चे चीनचे युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि १८५७ या काळात तो खुद्द इंग्लंडमध्ये रुळला. म्हणजे शब्द फिरला तो फौजांबरोबर.

त्या शब्दसंग्रहाच्या नऊच वर्षे आधी कंपनीची एक फौज आपल्या मावळात होती. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईहून सुमारे ३,९०० माणसे निघाली आणि त्यांचे सामान ओढायला १९,००० बैल. बोरघाट चढून खंडाळा, कार्ले अशी ही रांग रखडत चालली होती. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट मारला गेला. मराठ्यांनी या शत्रूला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवले. ‘फाकडा’ हे कौतुकाचे नाव आहे, शिवी नव्हे.

फौज ९ तारखेला तळेगावला पोचली तेव्हा गाव रिकामे आणि जळालेले. इंग्रजांच्या हाती दाणा-वैरण लागू नये म्हणून ते आपल्याच लोकांनी जाळले होते. महादजी शिंदे आणि नाना फडणवीस यांच्या डावपेचांचे कौतुक आपण नेहमी वाचतो आणि ते रास्तही आहे. पण तळेगावच्या कुणब्याचे, कारागिराचे घर गेले त्याला कोणता शब्द लावायचा, हे कुठल्या बखरीला विचारणार? ११ च्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि ते माघारी फिरले. मराठ्यांनी त्यांना गाठले, सामान लुटले आणि वडगावला वेढले. तिथेच शरणागतीचा तह झाला.

इंग्रजांच्या इतिहासात असे सामान नेणारे मराठे आणि पेंढारी ‘लूट’ करतात. कंपनी तेच करी तेव्हा शब्द बदले. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडल्यावर श्रीरंगपट्टणचा खजिना वाटला गेला, त्याचे नाव ‘प्राइझ’, म्हणजे युद्धात हाती लागलेला माल. पेशवाई बुडवली तेव्हाची मिळकत ‘डेक्कन प्राइझ’. तिच्या वाटणीवरून लॉर्ड हेस्टिंग्ज आणि सर थॉमस हिस्लॉप यांच्या फौजांचा तंटा लंडनमध्ये वर्षानुवर्षे चालला. वाटायला समिती, हिशेब, वकील असले की तिला लूट म्हणत नाहीत, एवढाच काय तो फरक!

इंग्रजांनी हा शब्द नेला तोही अर्धाच. आपल्याकडे दसऱ्याला आपट्याचे सोने लुटतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायका वाण लुटतात, म्हणजे चक्क देतात. शायर मुशायरा लुटतो, पण कुणाचे काही जात नाही. निकाह झाला की छुहारे उधळले जातात आणि लहान पोरे ते लुटायला धावतात; ज्याचे लुटले जातात तो नवऱ्याचा बाप कडेला हसत उभा असतो. उर्दूत तर ‘लुटाना’ हे वेगळे क्रियापदच आहे, हात मोकळा सोडून देणे. इंग्रजी ‘लूट’ला यातले काहीच येत नाही. वाण लुटल्याचे वाक्य मी मुलांना इंग्रजीत करायला सांगतो तेव्हा हुशार पोरही ‘लूट’ लिहून थांबते, खोडते आणि ‘गिव्ह’ लिहिते.